चेहऱ्याची ओळख

जिंतूरजवळच्या नेमगिरी डोंगरातील जैन लेण्यांत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. मुखे पाहावी तर सर्वांची मुद्रा तीच, शांत व ध्यानस्थ. केवळ मुखावरून कोणते तीर्थंकर, हे सांगणे कठीण. त्यासाठी लांछन पाहावे लागते. नेमिनाथांचा शंख, शांतिनाथांचे हरीण, पार्श्वनाथांच्या मस्तकावरील नागफणा. माणसे ओळखताना मात्र आपण अशी चिन्हे सहसा शोधीत बसत नाही. चेहरा पुरतो.

तो कसा पुरतो? नव्या शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाचा अनुभव आठवावा. अनोळखी चेहऱ्यात दृष्टी केस, टोपी, चेहऱ्याची ठेवण अशा बाह्य खुणांवर अधिक विसंबते. म्हणून एखाद्या मुलाने केस कापले की गुरुजींची फसगत होते. परिचय वाढला म्हणजे डोळे, नाक व ओठ यांचा परस्परांशी असलेला मेळ मनात ठसतो. पुढे केस कापले काय नि वाढले काय, ओळख चुकत नाही.

हा मेळ मुलांना प्रयोगाने दाखविता येतो. वर्गाचे सामुदायिक छायाचित्र उलटे धरून आपले सोबती शोधण्यास सांगावे. अवयव सारे तेच, तरी मुले चाचपडतात. घरे किंवा विमाने यांची चित्रे उलटी केल्याने ओळखण्यात इतका अडथळा येत नाही, हे रॉबर्ट यिन यांनी १९६९ साली दाखविले.

काहींना हा मेळ सुलट चेहऱ्यातही लागत नाही. मेंदूस इजा झाल्याने असे घडते, याचे वर्णन जर्मन वैद्य योआखिम बोडामर यांनी १९४७ साली केले. पुढे हा दोष जन्मजातही असतो, असे आढळले. दृष्टी व बुद्धी उत्तम असूनही चेहरा परका राहतो.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. आठवड्याच्या बाजारात ती समोरून गेली, पण तिने नमस्कार केला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला शिष्ट म्हणालो. ती रडली, बोलली काहीच नाही. पुढे लक्षात आले की, मैत्रिणीने हाक मारल्यावाचून ती कोणाजवळ जात नसे. नेत्रतपासणीत दोष निघाला नाही. अखेर तिनेच सांगितले, "गुरुजी, त्या दिवशी तुमच्याकडे छत्री नव्हती."

तेव्हापासून वर्गात पाऊल टाकताना मी आधी तिला नावाने हाक मारीत असे.