पहिल्या सिझेरियनची फाइल

बोरिवली-मुलुंडकडच्या कितीतरी जणींचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. दुसऱ्या खेपेला मोठ्याची शाळा आड येते, मग घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नाव घातलं जातं. पहिल्या सिझेरियनची फाइल मात्र माहेरच्या कपाटातच राहते. या वाटेने गेलेल्या बायका म्हणूनच बजावतात, की ती नाव घालतानाच मागवून घ्या.

डॉक्टरांना त्यात दोन गोष्टी हव्या असतात: सिझेरियन का करावं लागलं आणि गर्भाशयावर छेद कसा घेतला. पोटावरचा व्रण आडवा असला तरी आतला छेद उभा असू शकतो, आणि उभ्या छेदानंतर कळा येऊ देणं धोक्याचं असतं. एकदा सिझेरियन झालं की पुढेही तेच, हे न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली मांडलं, तेव्हा असे उभे छेदच रूढ होते. आज बहुतेक छेद खालच्या भागात, आडवे असतात. असा एकच छेद असेल आणि नॉर्मलचा प्रयत्न केला, तर शंभरातल्या ७२ ते ७५ जणींना यश येतं.

धोका थोडा, पण खरा आहे. साधारण दोनशेत एकीचा आतला व्रण कळांच्या जोराने फाटतो. तेव्हा मिनिटं मोजावी लागतात आणि रात्रीच्या वेळीही मुलुंडच्या एलबीएस मार्गावर रुग्णवाहिका अडकू शकते. म्हणून खोलीचं भाडं विचारण्याआधी विचारावं: रात्री भूलतज्ज्ञ इथेच असतात का? रक्त कुठून येतं?

दुसरं सिझेरियनही निर्धोक नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतण्याची भीती वाढते.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. रुग्णालयांनी आपला आकडा जाहीर करावा, म्हणून मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी याचिका चालवली. २०१७ साली केंद्र सरकारने आपल्या आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांना तसा आदेशही दिला. आपल्या नर्सिंग होमचा आकडा विचारायला संकोच कशाला?

शेवटच्या महिन्यात घरच्यांनाही लक्षणं माहीत हवीत. कळ ओसरल्यावरही व्रणाजवळ दुखत राहिलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न पाहता निघावं. फाइल सोबत घ्यावी.