वाचून मग सही कर

अगं, "पैशाचं सगळं हेच बघतात, मला त्यातलं काही कळत नाही" असं तू म्हणालीस ना, ते मला मुळीच पटलेलं नाही. महिनाअखेरीला उरल्यासुरल्या पैशांत दूध, भाजी, पोरांचा रिक्षावाला आणि सासूबाईंची औषधं बसवणारी बाई तू. कळतं तुला सगळं, फक्त विचारायची धास्ती वाटते. "आपली किती खाती आहेत?" एवढं विचारलं तरी "माझ्यावर विश्वास नाही का?" असं ऐकून घ्यावं लागेल म्हणून आपण गप्प बसतो, आणि वर त्यालाच चांगुलपणा समजतो.

मग एक दिवस कागद पुढे येतो. पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली असते, गॅसवर कुकर असतो, आणि आपण उभ्या-उभ्या सही करून टाकतो. तो कागद दिरांच्या कर्जाच्या जामिनाचा असेल तर? त्यांनी हप्ते थकवले की बँक जामीनदाराकडेही वसुलीला येऊ शकते.

आणि हक्कसोडपत्र! इथं आपण फार हळव्या होतो. २००५च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, लग्न झालेलीलासुद्धा. कायदा आला तेव्हा वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं. तरी "हिस्सा मागितला तर माहेर तुटेल" या भीतीपोटी किती जणी मुकाट्यानं सही करतात! भावानं आईवडिलांचं केलंय, रानात तोच राबलाय, म्हणून तुला तुझा वाटा त्याला द्यावासा वाटला तर खुशाल दे, मला कौतुकच वाटेल. पण जमीन किती, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, हे बघून दे. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून फिरवणं फार कठीण असतं. आणि सातबारा वाचला म्हणून तुटणारं माहेर सही करूनही टिकत नाही गं.

"नॉमिनी तूच आहेस" एवढ्यावरही निर्धास्त राहू नकोस. बँकेतले पैसे नॉमिनीच्या हाती येतात, पण ते असतात सगळ्या वारसांचे. म्हणून मृत्युपत्राचा विषय अशुभ समजून टाळू नका.

या रविवारी चहा झाला की भावजींपाशी वही घेऊन बस. खाती, विमा, कर्जं, ते कुणाला जामीन राहिलेत का, सगळं लिहून काढ. चिडले तर त्या दिवशी सोडून दे, पण चार दिवसांनी पुन्हा विचार. एखादा कागद समजला नाही तर सही करण्याआधी मला फोन कर, रात्री उशीर झाला असला तरी कर.