घर सोडायची वेळ आली तर... पाठीवरची पिशवी

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर या सदरात कावीळ, हगवण, हिवताप यांविषयी लिहिण्याचा माझा परिपाठ आहे. या खेपेस त्याला थोडी बगल देऊन एका पिशवीविषयी लिहितो. पिशवीचा आणि आरोग्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. त्यासाठी २०२१ सालच्या जुलै महिन्यातला प्रसंग सांगावा लागेल.

त्या वर्षी २२ जुलैच्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव येथे दरडी कोसळल्या. त्याच सुमारास महाड तालुक्यातले तळिये ढिगाऱ्याखाली गेले आणि चिपळूण पाण्यात बुडाले. डोंगराच्या कुशीतल्या कितीतरी वाड्यांमधली माणसे अंधारात, भर पावसात घरे सोडून निघाली. कुणी उघड्या माळावर, कुणी देवळाच्या ओसरीवर रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या शाळेत पोहोचली. अशाच एका शाळेत मी चार दिवस रुग्ण तपासत होतो.

पहिल्याच दिवशी सत्तरीच्या एक आजी समोर आल्या. डोके गच्च धरलेले. रक्तदाब पाहिला, तर वरचा आकडा २०० च्या पुढे. विचारले, ‘‘आजी, गोळी चालू आहे ना?’’

‘‘हाय की. रोज सकाळी एक.’’

‘‘कोणती?’’

‘‘पांढरी. वाटोळी.’’

‘‘नाव काय तिचं?’’

‘‘नाव मला काय ठावं, डॉक्टर? पाकीट कोनाड्यात ऱ्हायलं.’’

पांढऱ्या आणि वाटोळ्या गोळ्या औषधांच्या दुकानात शेकड्यांनी असतात. आजींचे बोचके मात्र भलेमोठे होते. त्यात तीन लुगडी, देवाचा टाक, तांब्याचा तांब्या आणि सुनेच्या लग्नातली साडी होती. हे हसण्यावारी नेऊ नये. घाबरलेल्या माणसाचा हात जे जन्मभर जपले तिकडेच जातो. रोजची गोळी जपण्याची वस्तू आहे, हे आजींना कुणी सांगितलेच नव्हते. मी त्यांना सात वर्षे तपासत होतो, तेव्हा तो दोष माझ्याकडेही येतो.

तिसऱ्या दिवशी एका बारा वर्षांच्या मुलाला शाळेच्या व्हरांड्यातच फिट आली. दोन रात्री त्याची गोळी चुकली होती. फिट येण्यावरची गोळी एकदम बंद झाली की असे होऊ शकते. मुलगा सुदैवाने सावरला. पण डोंगर अंगावर आला त्यातून वाचलेले पोर चिठ्ठीएवढ्या पाकिटापायी पुन्हा धोक्यात आले, ही गोष्ट मला फार लागली.

त्याच शाळेत टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. नातवाचे जुने दप्तर पाठीला लावून आले होते. त्यांनी दप्तर उघडले आणि एक कार्ड माझ्या हातात दिले. स्वतःचे नाव, वय, मधुमेह किती वर्षांचा, औषधांची नावे, कोणत्या औषधाची ॲलर्जी, मुलाचा फोन, सगळे टपालखात्याच्या सुबक अक्षरात. त्यांना तपासायला मला दोन मिनिटे लागली. आजींना पाऊण तास लागला होता.

घरी परतल्यावर मीही एक पिशवी भरली. पहिला प्रयत्न साफ फसला, तो सांगतो म्हणजे तुम्ही ती चूक करणार नाही. डॉक्टरच तो, त्याने निम्मा दवाखाना त्यात कोंबला. वर दोन पातेली, चादरी, डाळ-तांदूळ, पाच लिटर पाणी. काट्यावर ठेवली, चौदा किलो! सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘ही घेऊन टेकडीवरच्या देवळापर्यंत जाऊन दाखवा.’’ निम्म्या वाटेवर बसलो. मग त्यांनी उचलली, तर दहा पावले. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे, असे सरकारने ठरवून दिले आहे. वयस्कर माणसासाठीही हेच माप धरावे. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पाच किलो. धडधाकट तरुणाला याच्या दुप्पट चालेल. घरातली जी व्यक्ती पिशवी उचलणार, तिने ती पाठीला लावून एकदा चढण चढून पाहावी. त्याशिवाय पिशवी तयार झाली असे मानू नका.

पिशवी दोन पट्ट्यांची, पाठीला लागणारीच हवी. हातातली नको, बोचके नको. एका हाताला पोर आणि दुसऱ्या हातात काठी असते. मुलांचे जुने दप्तर चालते. आत खताच्या गोणीतली धुतलेली प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घातली की सामान कोरडे राहते. जागा दाराजवळच्या खुंटीवर. माळ्यावर ठेवलेली पिशवी आणि नसलेली पिशवी यांत फरक नाही.

आता आत काय? आधी औषधे. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, दमा, थायरॉईड, हृदयविकार, क्षयरोग, मानसिक आजार यांपैकी ज्याचे औषध रोज चालू आहे, त्याची आठ दिवसांची औषधे वेगळ्या डब्यात ठेवावीत. गोळ्या सुट्या करून कागदाच्या पुडीत बांधू नका. पाकिटासकट ठेवा आणि कापायचे झाल्यास नाव व मुदतीची तारीख असलेला भाग राहील अशा बेताने कापा. ‘‘डॉक्टर, पिशवीत ठेवलेली औषधे मुदत संपून वाया जातात’’ अशी तक्रार येते. त्याला सोपी तोड आहे. महिन्याची नवी औषधे आणली की नवी पिशवीत घाला आणि पिशवीतली जुनी खायला काढा. एक पैसाही वाया जात नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांना वाटते की फ्रीजबाहेर काढले की ते लगेच बिघडते. तसे नाही. चालू बाटली सावलीत, साध्या तापमानाला सुमारे महिनाभर टिकते. उन्हात ठेवू नये आणि बर्फाला चिकटवूही नये, गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे. सुई मात्र बाटलीला जुळणारीच हवी. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची ४० ची सुई, १०० ला नारिंगी टोपणाची. शिबिरात दुसऱ्याची सुई मागून घेतली आणि आकडा तोच ओढला, तर मात्रा अडीचपट चुकू शकते. आणखी एक. घर सुटल्यावर जेवण कधी मिळेल याचा नेम नसतो. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिले की साखर एकदम उतरते, दरदरून घाम येतो, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाच्या पिशवीत बाहेरच्याच कप्प्यात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी हवी. मधुमेह्याच्या पिशवीत साखर, हे ऐकून माझे एक रुग्ण रागावले होते!

औषधांच्या डब्यातच ते टपालकाकांसारखे कार्ड ठेवा, प्रत्येकाचे वेगळे. औषधाचे नाव पाकिटावरून जसेच्या तसे उतरवा आणि किती मिलिग्रॅम तेही लिहा. मोबाईलमध्ये फोटो असू द्या, पण तीन दिवस वीज नसली की मोबाईल हा नुसता चपटा दगड होतो. गरोदर बाईचे माता-बाल कार्ड, आधार व रेशनकार्डाच्या प्रती याच प्लॅस्टिकमध्ये. जुना चष्मा, कवळीची डबी, कानाच्या यंत्राचे सेल हेही घाला. चष्मा हरवलेल्या माणसाला औषधाचे नाव वाचता येत नाही, हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट पाणी. पाच लिटर पाणी पाठीवर वाहता येत नाही, म्हणून माणशी एक लिटरची भरलेली बाटली आणि सोबत क्लोरिनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची बाटली घ्यावी. डोंगरात पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो, तोटा असतो तो शुद्ध पाण्याला. गढूळ पाणी आधी चौपदरी फडक्यातून गाळावे, मग वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात औषध टाकून अर्धा तास थांबावे. तेवढाही धीर न धरता प्यायले तर औषध टाकून उपयोग नाही. जलसंजीवनीची चार-पाच पाकिटे ठेवा. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी विरघळवायचे, चिमूट चिमूट नव्हे, आणि ते पाणी चोवीस तासांत संपवायचे. पाकिटे संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चव घेऊन पाहा. अश्रूंहून खारट लागता कामा नये. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी बाटली-पावडर मुळीच घेऊ नका. आईचेच दूध, तेही नेहमीपेक्षा अधिक वेळा.

तिसरी गोष्ट कोरडेपणा. ‘‘आपल्याकडे कसली आली थंडी?’’ असे म्हणणाऱ्यांनी जुलैत डोंगरावर ओल्या कपड्यांनिशी वाऱ्यात एक रात्र काढून पाहावी. म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे अशा वेळी हिमालयात न जाताही गारठतात. आधी हुडहुडी भरते, मग ती थांबते आणि बोलणे जड होते. ही थांबलेली हुडहुडी चांगले लक्षण नव्हे. ओले कपडे काढा, अंग टिपा, कोरडे कपडे व कानटोपी घाला, कुशीत घ्या, माणूस शुद्धीवर असेल तर गोड गरम काही पाजा. दारू ‘ऊब यावी’ म्हणून देणारे पुष्कळ भेटतात. तिने अंगातली ऊब उलट बाहेर जाते. म्हणून माणशी एक कोरडा जोड, कानटोपी आणि सर्वांना मिळून डोक्यावर ताणता येईल एवढे मेणकापड व सुतळी. काडेपेटी झाकणाच्या डबीत.

खाण्यासाठी चूल न लागणारे काही घ्या. गूळ-शेंगदाणे, चिक्की, भाजलेले सातूचे पीठ, राजगिऱ्याचे लाडू. एका दिवसापुरते बस. जखमेसाठी कापूस, बँडेजच्या दोन पट्ट्या, चिकटपट्टी, आयोडिनचे मलम. तापासाठी पॅरासिटामॉल. बायकांसाठी पॅड. एक विजेरी, आणि शिट्टी. अडकलेला माणूस ओरडून लवकर दमतो, शिट्टी बराच वेळ वाजवता येते.

प्रतिजैविके मात्र आपल्या मनाने भरू नयेत. पुराच्या किंवा चिखलाच्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर लेप्टोची शंका धरून तडक दवाखाना गाठावा. त्यासाठी आरोग्य खात्याचे लोक जी गोळी देतात ती कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. गरोदर बाईला ती चालत नाही.

विजेरीचा उपयोग सापासाठीही होतो. बिळांत पाणी शिरले की तेही आपल्यासारखेच कोरडी जागा शोधतात. दंश झालाच तर चिरू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. बँडेजची पट्टी व काठी घेऊन तो हात किंवा पाय हलणार नाही असा सैलसर बांधावा, माणसाला चालवू नये, १०८ ला फोन करावा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे.

पिशवी उचलायची कधी, हेही ठरलेले हवे. जमिनीला नव्या भेगा, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा नको तिथे नवा झरा फुटणे यांपैकी काही दिसले, की अंधार पडायची वाट पाहू नये. माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी गेले, इरसालवाडी १९ जुलै २०२३ ला रात्री. दरडीला वेळकाळ नसतो. निघताना गोठ्यातली दावी सोडा. आणि पिशवी खुंटीवर राहिली, तर राहू द्या. तिच्यासाठी कुणीही घरात परत शिरायचे नाही, हे मुलांना आजच बजावून ठेवा.

माझ्या पिशवीचे पुढे काय झाले? दुसऱ्या वर्षी मे महिन्यात उघडली, तर विजेरीचे सेल पाझरून गंजलेले, जलसंजीवनीची मुदत टळलेली आणि चिक्की आमच्या चिरंजीवांनी केव्हाच फस्त केलेली. तेव्हापासून अक्षय्य तृतीयेला आणि दसऱ्याला पिशवी अंगणात ओतून पुन्हा भरायची, असा नेम केला आहे. सेल विजेरीत न घालता बाजूला गुंडाळून ठेवतो. आता तिचे वजन पावणेसात किलो आहे. चिक्कीचा डबा सौभाग्यवतींनी कुलपात ठेवायची सूचना केली होती, पण किल्ली कुठे ठेवायची यावर एकमत झाले नाही.

त्या आजी अजून दर महिन्याला येतात. कार्ड कमरेच्या पिशवीत असते. गोळीचे नाव अजूनही सांगता येत नाही, पण कार्ड पुढे करतात.

पुढील आठवड्यात : पायांच्या चिखल्या आणि त्यांवरचे उपाय.