डिझेल कोणाला परवडतं?

पेट्रोलपेक्षा डिझेल लिटरमागे तेरा-चौदा रुपयांनी स्वस्त, शिवाय ॲव्हरेज जास्त, एवढं ऐकून अजूनही बरेच जण डिझेल गाडी बुक करतात. २०१२ च्या सुमारास हे गणित बरोबर होतं. तेव्हा डिझेलवर सबसिडी होती आणि दोन्हींच्या भावात तीस रुपयांच्या आसपास अंतर पडायचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून मुक्त झालं आणि ते अंतर आटत गेलं. आता गाडी घेताना लिटरचा भाव बाजूला ठेवून किलोमीटरचा खर्च काढायला हवा.

पेट्रोल १०३.५० आणि डिझेल ९० रुपये धरू. मुंबईत भाव साधारण असे राहिले आहेत. तुम्ही तुमच्या पंपावरचा भाव घाला. मध्यम एसयूव्ही शहरात पेट्रोलवर १४ आणि डिझेलवर १८ चं ॲव्हरेज देते असं मानलं, तर किलोमीटरला ७.३९ आणि ५ रुपये पडतात. म्हणजे डिझेलवर किलोमीटरमागे २.३९ रुपये वाचतात. ॲव्हरेजचा आकडा माहितीपत्रकातून घेऊ नका, तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. तीच गाडी वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाला टाकी फुल्ल करून मोजायला सांगा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ॲव्हरेज थोडं उतरतं, तेही त्यात धरलं जाईल.

आता ही बचत किती पैसे मोजून मिळते ते बघू. पेट्रोल गाडी १२ लाखांची आणि डिझेल साडेतेरा लाखांची, असं समजा. शोरूममध्ये दीड लाखाचा फरक सांगतात. पण महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के वाहनकर आहे आणि डिझेलला १४. म्हणजे एकीकडे १,४४,००० रुपये, दुसरीकडे १,८९,०००. फरक झाला १,९५,०००. ही वाढीव रक्कम ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात घातली, तर व्याजाचे आणखी ४८,००० च्या आसपास जातात. एकूण २,४३,००० रुपये २.३९ च्या बचतीतून वसूल व्हायला लाखभर किलोमीटर लागतात. विमा आणि सर्व्हिसिंगचा फरक यात धरलेलाच नाही.

महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्या घराला हे पैसे सुटायला दहा वर्षांहून जास्त लागतील. त्यांनी पेट्रोलच घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. महिना दोन हजार किलोमीटर होत असतील, तर चार-साडेचार वर्षांत वसुली होते. आठवड्यातून दोनदा कोल्हापूर-पुणे करणाऱ्याचं रनिंग सहज तेवढं होतं.

पैशांइतकंच महत्त्व गाडी कुठे चालते याला आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. कोथरूडहून शिवाजीनगरला सिग्नल-सिग्नल थांबत जाणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिसला की गाडी लगेच हायवेवर काढावी. दुर्लक्ष केलं तर इंजिनची ताकद कमी होते, गाडी वर्कशॉपला न्यावी लागते, आणि फिल्टर बदलायची वेळ आली तर बिल मोठं येतं. काही मॉडेलांना वर डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावणही भरावं लागतं. शाळा, बाजार आणि ऑफिस एवढ्याच फेऱ्या असतील, तर डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

मोठ्या सात आसनी गाडीचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथं पेट्रोल इंजिन शहरात ९ वर येतं आणि डिझेल १३ देतं असं धरलं, तर किलोमीटरमागे साडेचार रुपयांहून जास्त वाचतात. जादा खर्च तेवढाच पकडला, तर ५३,००० किलोमीटरच्या आसपास पैसे वसूल. गावाकडच्या चकरा, घाटरस्ते आणि भरलेली गाडी असा वापर असेल, तर मी डिझेलच सुचवेन.

बुकिंगची रक्कम देण्याआधी दोन्ही गाड्यांचं ऑन-रोड कोटेशन लेखी मागा. त्यात वाहनकर आणि विमा वेगवेगळे दाखवायला सांगा. सध्याच्या गाडीच्या सर्व्हिस बिलांवर मीटरचं रीडिंग असतं. दोन बिलांमधलं अंतर मधल्या महिन्यांनी भागलं की तुमचं महिन्याचं खरं रनिंग कळेल.