‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ : उपदंशाच्या रक्तचाचणीची पारख

आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात त्या रोगाचे नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त त्याची नोंद ‘फिरंगरोग’ म्हणून केली; फिरंग्यांबरोबर आला म्हणून फिरंग. वैद्यकाच्या पुस्तकात तो उपदंश. कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या रोगाच्या रक्तचाचणीचा कागद ज्या घरात येतो, तेथे त्याचे वाचन केवळ वैद्यकीय राहत नाही. कागदावर एकच शब्द असतो, ‘पॉझिटिव्ह’, आणि त्यावरून पतिपत्नींत जन्माचा संशय निर्माण होऊ शकतो. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ नेमका किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

या रोगाचा जंतू शाउडिन व हॉफमन यांनी १९०५ साली शोधला आणि दुसऱ्याच वर्षी वासरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तचाचणी काढली. उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क ते वापरीत. त्यात जंतू असल्यामुळेच चाचणी लागू पडते, अशी त्यांची समजूत होती. पुढे कळले की निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्कही तितकेच काम करतो! म्हणजे चाचणी उपयोगी होती, पण तिची उपपत्ती चुकली होती. लुडविक फ्लेक या पोलिश वैद्याने १९३५ साली याच चाचणीवर ग्रंथ लिहून ‘वैज्ञानिक तथ्य’ कसे घडते याची चर्चा केली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा.

आज प्रचलित असलेली व्ही.डी.आर.एल. चाचणी याच घराण्यातली. हृदयातून मिळणारा कार्डिओलिपिन हा स्निग्ध पदार्थ काचपट्टीवर रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळतात, पट्टी चार मिनिटे फिरवतात आणि बारीक गुठळ्या दिसतात का ते सूक्ष्मदर्शकातून पाहतात. स्वस्त, सोपी, झटपट. परंतु ती जंतू पाहत नाही. रोगामुळे शरीरात उमटणारी एक प्रतिक्रिया तेवढी पाहते, आणि तीच प्रतिक्रिया इतर कारणांनीही उमटते. मलेरियात, कधी गर्भारपणात, आणि कुष्ठरोगाच्या लेप्रोमॅटस प्रकारात विशेषेकरून. आधीच एका रोगामुळे गावकुसाबाहेर बसवलेल्या माणसाच्या माथी दुसऱ्या रोगाचा खोटा डाग लागावा, हे केवढे क्रौर्य! उलटपक्षी, रोगाच्या अगदी सुरुवातीला चाचणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. कधी तर रक्तात प्रतिद्रव्ये इतकी जास्त असतात की गुठळ्या बनतच नाहीत. रक्तद्रव पातळ केल्यावर मगच त्या दिसू लागतात.

चाचणीची पारख दोन अंगांनी करतात. खऱ्या रोग्यांपैकी किती जण ती पकडते, ही तिची संवेदनशीलता. निरोग्यांपैकी किती जणांना ती सोडून देते, ही तिची विशिष्टता. आपण गृहीत धरू की एक चाचणी शंभरांतील ९० रोगी पकडते आणि शंभरांतील ९८ निरोग्यांना सोडते. आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. आपल्या शहरातील घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणी गर्भवती स्त्रियांची रक्ततपासणी होते. अशा हजार स्त्रियांत १० रोगी असतील, तर ९ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी स्त्रियांपैकी सुमारे २० जणीही पॉझिटिव्ह ठरतील. एकूण २९ कागदांतले २० खोटे! तीच चाचणी गुप्तरोग विभागात, जेथे हजारांत २०० रोगी आहेत, वापरली तर १९६ पॉझिटिव्हांत खोटे फक्त १६. चाचणी तीच, शब्द तोच, अर्थ मात्र माणसे कोण यावर बदलला.

मग तपासणी सोडून रुग्णाला काय होते एवढेच विचारावे काय? तेही भागत नाही. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग आढळले, मात्र ४५ टक्के स्त्रियांची तक्रारच नव्हती. पूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. हा अभ्यास एकट्या उपदंशाचा नव्हे, परंतु तक्रार नाही म्हणून रोग नाही असे मानणे किती धोक्याचे, हे त्यावरून कळते.

म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या रक्ताची दुसरी, जंतूच्याच घटकांवर आधारलेली टी.पी.एच.ए.सारखी चाचणी करतात. तीही पॉझिटिव्ह आली तर संशयाला जागा फारच थोडी उरते. मात्र ही दुसरी चाचणी रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे औषध लागू पडले का हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा जुन्या व्ही.डी.आर.एल.कडेच यावे लागते : रक्तद्रव किती पातळ करेपर्यंत गुठळ्या दिसतात ते मोजायचे, आणि पेनिसिलिननंतर १:३२ चे १:८ झाले की समजायचे, उतार पडला. गर्भवतीच्या बाबतीत मात्र डॉक्टर सहसा दुसऱ्या कागदासाठी फार थांबत नाहीत. खोट्या पॉझिटिव्हपायी तिला एक इंजेक्शन जास्त टोचले जाईल, पण खरा रोग राहून गेला तर मूल पोटातच दगावू शकते.