भाटा जमीन आणि आणखी एक वर्ष

वाचा : मत्तय १३:१-९, १८-२३, लूक १३:६-९



भिलाईत क्वार्टरच्या मागच्या परसात तुम्ही कधी कुदळ मारली आहे का? वीतभर खणले की अनेकदा मुरूम लागतो. उन्हाळ्यात ही जमीन दगडासारखी होते. वांग्याचे रोप लावावे, तर आठवड्यात मान टाकते.

छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला चार नावे देतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे मुरमाड, पाणी न धरणारी. कन्हार म्हणजे काळी, ओल राखणारी. प्रभू येशूनेही पेरणाऱ्याच्या दाखल्यात चार जागा सांगितल्या : वाट, खडकाळ जमीन, काटेरी झुडपांची जागा आणि चांगली जमीन. हा दाखला ऐकताच आपण माणसे वाटून टाकतो. "माझा मुलगा खडकाळ जमीन आहे. कितीही सांगा, दोन दिवस टिकते." कधी रात्री झोप लागत नाही तेव्हा स्वतःबद्दलही तेच म्हणतो.

पण परसात काम करणारा असे म्हणत नाही. तो भाट्यातले खडे वेचतो आणि घुरव्यातले खत आणून घालतो. घुरवा म्हणजे आपला उकिरडा. भाजीची देठे, पालापाचोळा, शेण, म्हणजे घराने टाकून दिलेले सारे तिथे कुजते आणि काही महिन्यांनी त्याचे काळे, भुसभुशीत खत होते. ते मिसळले की तीच जमीन पाणी धरू लागते. एका पावसाळ्यात ती कन्हार होत नाही, पण लाल भाजी येते. पुढच्या वर्षी भेंडीही येते.

लूकच्या शुभवर्तमानातला माळी हेच करतो. अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक. माळी आणखी एक वर्ष मागतो. पण नुसते थांबण्यासाठी नव्हे. तो भोवताली खणणार आहे, खत घालणार आहे. पुढे फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. मुदत मात्र एकाच वर्षाची होती. म्हणून हे काम उद्यावर ढकलू नका.

आपल्या गावात दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज भट्टीत जाते आणि काही तासांत वितळून लोखंड होऊन बाहेर येते. आपल्याला वाटते, घरातले माणूसही तसेच आच देऊन बदलावे. म्हणून आवाज चढतो, टोमणे सुरू होतात. आचेने खनिज वितळते. रोप मात्र करपते.

या आठवड्यात एवढे करा. ज्याच्याबद्दल तुम्ही आशा सोडली आहे, त्याचे नाव घेऊन रोज प्रार्थना करा. त्याला उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याचे ऐका. तुमच्याच एखाद्या कठोर शब्दाचा खडा तिथे पडला असेल, तर क्षमा मागून तो उचला. स्वतःची जुनी चूक लपवू नका. प्रभूच्या हाती दिली, तर तिचेही खत होते.

खणणे आपल्याकडे आहे. वाढवणारा देव आहे (१ करिंथ ३:६-७).

प्रार्थना : हे प्रभू, तू माझ्यासाठीही आणखी एक वर्ष मागितलेस. तोच धीर मला माझ्या माणसांसाठी दे. आमेन.