परमवीर रामा राघोबा राणे : वाट मोकळी करणारा वीर



शूर सैनिकाची गोष्ट सांगायला घेतली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "त्याने किती शत्रू मारले?" अशा वेळी मुलांना रामा राघोबा राणे यांची गोष्ट जरूर सांगा. त्यांना परमवीर चक्र मिळालं ते शत्रू मारल्याबद्दल नाही, तर रस्ता मोकळा केल्याबद्दल!

बालपण आणि सैन्यप्रवेश

राणे यांचा जन्म 26 जून 1918 रोजी कर्नाटकातील हावेरी येथे झाला. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिये. वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या बदल्या होत, त्यामुळे मुलाचं शिक्षण वेगवेगळ्या गावी झालं. 1940 मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. हेच पुण्याजवळच्या खडकीचं बॉम्बे सॅपर्स. प्रशिक्षणात ते सर्वोत्तम जवान ठरले.

सॅपर म्हणजे कोण, हे मुलांना इथेच समजावून सांगा. पूल बांधणं, रस्ते तयार करणं, सुरुंग शोधून निकामी करणं ही सॅपरची कामं. सैन्य पुढे जायचं तर सॅपरला त्याच्याही आधी पुढे जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशात लढले. सैन्य मागे घेतलं जात असताना दारूगोळ्याचे साठे नष्ट करायला त्यांच्या तुकड्यांना मागे ठेवलं होतं. काम झाल्यावर नौदल त्यांना घेऊन जाणार होतं, पण ते जमलं नाही. मग जपानी सैनिकांची गस्त असलेली नदी त्यांनी स्वतःच पार केली आणि आपल्या सैन्याला येऊन मिळाले. डिसेंबर 1947 मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले.

एप्रिल 1948 : नौशेरा ते राजौरी

नोव्हेंबर 1947 पासून राजौरी आक्रमकांच्या ताब्यात होती आणि तिथल्या लोकांचे फार हाल चालले होते. आपल्या सैन्याला लवकर पोहोचायचं होतं, पण डोंगरातल्या रस्त्यावर जागोजागी अडथळे आणि भूसुरुंग होते. रणगाडे पुढे जाणार कसे?

8 एप्रिलला डोग्रा रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनने बरवालीची टेकडी जिंकली. राणे यांची सॅपर तुकडी रस्ता साफ करू लागली, तोच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान जागीच शहीद झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेही होते. तरी काम थांबलं नाही.

एके ठिकाणी पाइनची पाच झाडं आडवी पाडलेली, भोवती सुरुंग पेरलेले आणि समोरून मशीनगनचा मारा! राणे यांनी तोही अडथळा दूर केला. सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाडा न्यायचा होता, तेव्हा ते रणगाड्याखाली शिरून सरपटत राहिले आणि दोरी ओढून चालकाला इशारे देत गेले. आपल्या शरीरापासून वीतभर अंतरावर मृत्यू असताना डोकं शांत ठेवायचं, याला काय म्हणावं?

11 एप्रिलला पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबून त्यांनी चिंगसचा रस्ता उघडला आणि त्याच्याही पुढे काम चालू ठेवलं. 12 एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत पोहोचलं. राणे तेव्हा अवघे 29 वर्षांचे होते.

सन्मान

26 जानेवारी 1950 रोजी परमवीर चक्र सुरू झालं आणि ते 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरलं गेलं. म्हणून 1948 मधला हा पराक्रम त्यात बसला. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. मूळच्या युरोपीय, पण मराठी सेनाधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. पदकावर इंद्राची चार वज्रं आहेत. 1968 मध्ये राणे मेजर म्हणून निवृत्त झाले. 11 जुलै 1994 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. कारवारला त्यांचा पुतळा आहे, आणि अंदमानातल्या एका बेटाला 2023 मध्ये त्यांचं नाव दिलं आहे.

वर्गात काय घ्याल?

1. नकाशात नौशेरा, चिंगस, राजौरी, कारवार आणि खडकी शोधायला सांगा.
2. दोरीचा खेळ : एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधा. त्याच्या दोन्ही हातांना सैलसर दोरी बांधा. दुसऱ्याने न बोलता, फक्त दोरी हलकेच ओढून त्याला दप्तरांच्या अडथळ्यांतून बाहेर काढायचं. विश्वास म्हणजे काय, हे मुलांना पाच मिनिटांत कळेल.
3. चर्चा : राणे यांच्यासोबतच्या जवानांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. मग तो पराक्रम एकट्याचा की सगळ्यांचा?
4. घरचा अभ्यास : आपल्यासाठी वाट मोकळी करणारी माणसं कोण? पावसात खांबावर चढणारा लाइनमन, दरड उपसणारे मजूर... अशा एकाशी बोलून दहा ओळी लिहा.

पालकहो, ही गोष्ट घरीही सांगा. मुलं पुन्हा विचारतील, "किती मारले?" तेव्हा म्हणा, "किती वाचवले ते विचार बाळा. त्यांनी उघडलेल्या रस्त्यानेच राजौरीला मदत पोहोचली."

जय हिंद!